सातपुड्याच्या पायथ्याशी शेकोटी: जंगलातल्या काटक्या-पाचोळ्यावर जाळ कसा धरायचा

डिसेंबर लागला की जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि पाल, मनुदेवी, उनपदेव, तोरणमाळ या बाजूला फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणी मित्राच्या शेतात मुक्काम टाकतं, कुणी तंबू घेऊन येतं. मुक्काम म्हटला की शेकोटी आलीच. पण बऱ्याच ठिकाणी तिची रीत एकच असते. मनगटाएवढी लाकडं एकावर एक रचायची, खाली वर्तमानपत्र कोंबायचं आणि वरून पेट्रोल ओतायचं. भडका उडतो, कुणाच्या तरी भुवया करपतात, दोन मिनिटांत जाळ बसतो आणि रात्रभर डोळ्यांत धूर जातो.

पेट्रोल लागतच नाही. वर्तमानपत्रही लागत नाही. आपल्या शिवारात आणि डोंगराच्या कडेला पडलेल्या वाळक्या वस्तूंवर एका काडीत शेकोटी पेटते. अट एवढीच की तुमचा वेळ काडी ओढण्यात नाही, गोळा करण्यात गेला पाहिजे. अर्धा-पाऊण तास गोळा करायला आणि पाच मिनिटं पेटवायला, असा हिशेब धरा.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू पेटतात. जाळ दिसतो तो त्यांचाच. लाकडात पाणी असेल तर सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. काडीपेटीतली काडी जेमतेम दहा-पंधरा सेकंद जळते. तेवढ्या वेळात मनगटाएवढं लाकूड तापणार कसं? तेवढ्यात तापतं ते फक्त केसासारखं बारीक, कोरडं आणि मोकळं असलेलं काही. त्याच्या जाळावर सुतळीएवढी काडी, तिच्यावर करंगळीएवढी काटकी आणि त्यानंतर सरपण. मधली एक पायरी गाळली की शेकोटी तिथेच बसते.

आधी जागा

काही पेटवण्याआधी हे बघा की तिथे पेटवायला परवानगी आहे का. राखीव वनात विनापरवाना आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने बंदी आहे. आपल्याकडे यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. तिथे शेकोटीचा विचारच मनातून काढून टाका, थंडी कितीही असो. वनखात्याच्या विश्रामगृहावर किंवा निसर्ग पर्यटन केंद्रावर उतरला असाल तर तिथल्या माणसाला विचारा. ठरवून दिलेली जागा असेल तर तिथेच आणि त्यांनी दिलेल्या सरपणावरच.

जंगलातून लाकूड उचलून आणण्याचंही तसंच आहे. पाड्यावरच्या लोकांचे जळणाचे परंपरागत हक्क आहेत, कारण त्यांची चूल त्यावर चालते. फिरायला आलेल्या माणसाला तो हक्क नाही. म्हणून या लेखात जे सांगतोय ते मालकीचं शेत, बांध, गावाशेजारचं खाजगी रान, मालकाला विचारून वापरलेली जागा यांच्यासाठी आहे. सुदैवाने अडावद, यावल, रावेर, बोराडी, शहादा या पट्ट्यात डोंगर उतरला की लगेच शेतं लागतात आणि जंगलातली बरीचशी झाडं बांधावरही सापडतात.

परवानगी मिळाली, आता जमीन बघा. काळ्या कपाशीच्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडायला लागतात. त्यात निखारा घसरला तर आत वाळक्या मुळ्या धुमसत राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. त्यामुळे काळ्या रानापेक्षा मुरमाड जागा, बैलगाडीची वाट किंवा नाल्याची कोरडी वाळू बरी. झाडाच्या बुंध्यापासून, कडब्याच्या गंजीपासून, केळीच्या वाळक्या पानांपासून आणि उभ्या पिकापासून लांब जा. वर बघा, फांदी नको. चारही बाजूंनी दोन-तीन पावलं पाचोळा आणि गवत झाडून उघडी माती करा. हे झाडणं हाताने नको, पाल्याच्या फांदीने करा, कारण पाचोळ्याखाली विंचू आणि फुरसं दोन्ही असू शकतात. दगड उचलतानाही तो स्वतःकडे न ओढता पलीकडच्या कडेने उलटा, म्हणजे खालून काही निघालं तर तुमच्या अंगावर येणार नाही.

शेकोटीभोवती लावायला दगड घ्यायचे तर कोरड्या माळावरचे घ्या. तापी, अनेर किंवा नाल्याच्या पाण्यातले गुळगुळीत गोटे कितीही सुंदर दिसले तरी नकोत. त्यांच्या आत पाणी मुरलेलं असतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात.

पाण्याची भरलेली घागर किंवा दोन कॅन आत्ताच शेजारी आणून ठेवा. पेटल्यावर आणू म्हणाल तर ते राहून जातं.

पेटवण: सगळी मेहनत इथे करा

पहिला जाळ ज्यात धरतो ते पेटवण. नवख्या माणसाने सगळ्यात जास्त जीव इथे लावायचा.

सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर सालईची झाडं असतात. राखाडी-हिरवट खोड आणि त्यावरून कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे, ही तिची ओळख. झाडाखाली पडलेला असा एक पापुद्रा उचलून उजेडासमोर धरा, पलीकडचा उजेड झिरपून दिसेल इतका तो पातळ असतो. सालईत राळ असते, धुपासाठी वापरतात तीच. त्यामुळे पापुद्रा पेटला की नुसता भुरकन जळून जात नाही, जाळ थोडा वेळ धरून ठेवतो आणि वास धुपाचा येतो. खाली पडलेले पापुद्रे आणि राळेचे वाळलेले खडे मिळाले तर उत्तम. झाडावर कोयता मारून राळ काढू नका. अशा जखमांनी सालईची झाडं कमजोर होतात, आणि तुम्हाला हवी आहे फक्त चिमूटभर.

सालई नसेल तर शिंदी शोधा. नाल्याच्या काठाने शिंदीची झाडं खान्देशात पुष्कळ. पानांच्या देठांशी खोडाला लपेटलेली तपकिरी जाळी असते. तिचा वाळलेला, लोंबणारा भाग ओढला की सहज हातात येतो. दोन्ही तळव्यांत धरून तो खसाखसा चोळा. भुसा खाली गळतो आणि हातात मऊ तंतू उरतात. त्यांचा चिमणीच्या खोप्याएवढा पोकळ गोळा करा. असंच मेलेल्या पळसाच्या किंवा आपट्याच्या फांदीच्या आतल्या सालीचंही करता येतं. दोरासारखे निघणारे ते धागे चोळून मोकळे करायचे.

वाळलेला बांबू हाताशी असेल तर चाकूची धार काटकोनात धरून त्याची पाठ खरवडा. पिवळसर कीस निघतो, अगदी कापसासारखा हलका. मूठभर कीस जमायला दहा मिनिटं लागतात, पण तो दमट हवेतही पेटतो. माझं मत विचाराल तर नवख्याने आधी हाच कीस करायला शिकावं, कारण त्यासाठी झाडं ओळखावी लागत नाहीत.

सावरीच्या आणि रुईच्या कापसाचं नाव सगळे घेतात. तो काडी लागताच पेटतो खरा, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतोही. एकटा तो काही कामाचा नाही. शिंदीच्या तंतूंच्या खोप्यात मधोमध चिमूटभर ठेवला तर मात्र मस्त काम करतो. अडचण अशी की सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात आणि शेकोटी हवी असते हिवाळ्यात, म्हणून एप्रिल-मेमध्ये झाडाखालचा कापूस गोळा करून डब्यात ठेवावा लागतो. रुईचं बोंड तोडताना तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, इजा होते. कपाशी वेचून झालेल्या शेतात झाडावर राहून गेलेला कवडी कापूसही चालतो. शेतकऱ्याला विचारून घ्या आणि बोटांनी पिंजून मोकळा करा.

वाळलेलं गवत सगळीकडे मिळतं, त्यात रोशा मिळाला तर फारच छान. पूर्वी खान्देशात याच गवताचं तेल काढायचे. पानं चुरगाळली की सुवास येतो. मात्र सकाळ-संध्याकाळ दव पडत असतं, त्यामुळे गवत दुपारी उन्हात असतानाच कापून ठेवा. कुसळी गवत टाळा, त्याची कुसळं कपड्यांत आणि कातडीत घुसतात.

सागाच्या पानांबद्दल मुद्दाम सांगतो. सागाखाली पाचोळ्याचा थर असतो आणि पहिला हात तिकडेच जातो. सागाचं पान पेटतं, पण मोठं आणि हलकं असल्यामुळे गरम हवेबरोबर जळतं पान वर उचललं जातं आणि वाऱ्याने पंचवीस पावलांवर जाऊन पडतं. गवत वाळलेलं असेल तर तेवढं पुरतं. वापरायचंच असेल तर बारीक चुरून, अगदी खाली दाबून वापरा.

काड्या आणि सरपण

खाली पडलेल्या काड्या दिसायला वाळक्या असतात, पण जमिनीचा ओलावा ओढून बसलेल्या असतात. म्हणून झाडावरच वाळलेल्या किंवा दुसऱ्या फांदीत अडकून राहिलेल्या काटक्या आधी घ्या. बाभळीच्या आणि बोरीच्या खालच्या वाळक्या फांद्या यासाठी उत्तम, काट्यांपासून हात सांभाळा.

परीक्षा सोपी आहे. काडी वाकवा. कट्कन तुटली तर घ्या. वाकली, सालीवर लोंबकळली किंवा तुटताना आवाज आला नाही तर टाकून द्या. जाड लाकडाला ही परीक्षा लागू होत नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटा, सुकं लाकूड खणखणीत बोलतं, ओलं बद्द आवाज करतं. शेतावरचे आबा लांबूनच आवाज ऐकून सांगतात, "भाऊ, हाई लाकूड वल्लं शे." तो कान तुम्हालाही आठवड्याभरात येईल.

सुतळीएवढ्या काड्यांच्या दोन भरगच्च मुठी, करंगळीएवढ्या काटक्यांचा हातात मावेल एवढा भारा, अंगठ्याएवढ्यांचा एक भारा आणि मग मनगटाएवढं सरपण. चार प्रकारांचे चार ढीग वेगळे लावा. पुरेसं झालं असं वाटलं की बारीक काड्या आणखी तेवढ्याच आणा. कमी पडतात त्या नेहमी याच, आणि अंधारात त्या शोधायला जाण्यासारखा वैताग नाही. डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळतो, तेव्हा पाचपर्यंत हे उरकलेलं बरं.

शेतात तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या असतील तर काटक्यांचं निम्मं काम झालं. भरताची वांगी भाजायला खान्देशात पऱ्हाट्या घेतात त्याचं कारण हेच, त्या झटकन पेटतात आणि जाळ मोठा देतात. पण तेवढ्याच झटकन विझतात, त्यामुळे रात्रभराची ऊब त्यांच्यावर निघत नाही.

त्या ऊबेसाठी लाकूड निवडावं लागतं. बाभूळ, खैर आणि धावडा यांचा निखारा टिकतो. अंजन तर त्याहून कडक. भारतातल्या सगळ्यात जड लाकडांमध्ये त्याची गणती होते, कुऱ्हाड त्यावरून घसरते. अंजन नुसत्या काटक्यांवर पेटवायला जाल तर हात टेकाल. बाभळीचे चांगले निखारे झाल्यावर त्यावर अंजनाचा एक तुकडा ठेवा, तो सावकाश, जवळजवळ बिनधुराचा, बराच वेळ जळत राहतो. सालई, पांगारा, सावर ही हलकी लाकडं पेटायला सोपी आणि संपायलाही. त्यांचा उपयोग सुरुवातीला.

बांबूच्या दोन पेरांमध्ये हवा कोंडलेली असते. अख्खा टाकलात तर फटाक्यासारखा फुटतो आणि निखारे उडवतो. आधी उभा चिरा.

हे जाळू नका

बिब्याचं म्हणजे भिलाव्याचं लाकूड जाळू नका. त्याच्या धुराने तोंड सुजतं, अंगावर फोड येतात. सातपुड्यात हे झाड आहे. वाळक्या तुकड्यावरून ओळखणं कठीण, म्हणून ज्या लाकडाला काळा चीक लागून वाळलेला दिसतो ते सरळ बाजूला ठेवा आणि शंका आली तर गावातल्या माणसाला दाखवा. कण्हेरही नको, तिचा धूर विषारी आणि तिच्या काडीवर काही भाजून खाणं त्याहून घातक. थोर आणि निवडुंगाचे वाळके दांडेही टाळा.

काटक्या तोडताना वेलीवर मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा दिसल्या तर तिथून मागे फिरा. ती खाजकुइली. हिवाळ्यात शेंगा वाळतात आणि वेल नुसती हलली तरी केस अंगावर गळतात. खाज सुटल्यावर चोळू नका.

पक्ष्यांची घरटी, रिकामी असली तरी, पेटवणासाठी काढू नका. ढोली असलेलं वाळकं झाडही पाडू नका, त्यात कुणाचा तरी संसार असतो.

रचायचं आणि पेटवायचं

जमिनीवर अंगठ्याएवढ्या चार-पाच काटक्या एकमेकींना लागून ठेवा. ही चटई खालच्या ओलाव्यापासून पेटवणाला वाचवते. वाऱ्याकडे पाठ करून बसा. डोंगराच्या कुशीत रात्री वारा बहुधा उतारावरून खाली येतो, दिवसा चढत असतो. त्यामुळे दुपारी बघितलेली दिशा रात्री उलटी झालेली असेल, पेटवताना पुन्हा माती उडवून बघा.

वाऱ्याच्या बाजूला मनगटाएवढं एक लाकूड आडवं ठेवा. त्याच्या आडोशाला चटईवर पेटवणाचा खोपा ठेवा. सुतळीएवढ्या काड्यांचा एक मूठभर जुडगा खोप्यावरून त्या लाकडाला तिरका टेकवा. छप्पर घालतात तसं, खाली पोकळी राखून. दाबू नका, जाळाला हवा लागते. काडी ओढल्यावर ती क्षणभर खाली झुकवून धरा, म्हणजे जाळ दांडीवर चढतो. मग खोप्याच्या पोटात खालून, वाऱ्याच्या बाजूने लावा. जाळ वर चढतो, त्यामुळे वरून लावलेली काडी वाया जाते.

पेटवण धरलं की घाईने लाकडं टाकावीशी वाटतात. थांबा. सुतळीएवढ्या काड्या स्वतः तडतडायला लागल्या की करंगळीएवढ्या दोन-तीन ठेवा, त्या धरल्या की आणखी. फुंकर घालायची ती लांब आणि सावकाश, जाळाच्या बुडाशी. पांढरा दाट धूर निघतोय म्हणजे पाणी उडतंय किंवा हवा कोंडली आहे. एखादी काटकी उचलून जागा करा. जाळ गुडघ्याएवढा स्थिर झाला की अंगठ्याएवढ्या काटक्या आणि मग सरपण. आडोशाचं लाकूडही एव्हाना आतून पेटलेलं असतं.

पावसाळ्यात किंवा अवकाळीनंतर सगळं भिजलेलं असताना उभं वाळलेलं मनगटाएवढं लाकूड घ्या आणि कोयत्याने चिरा. बाहेरून ओलं असलं तरी गाभा कोरडा निघतो. त्या गाभ्याच्या धपल्या काढा, चाकूने त्यांना पातळ वळलेल्या साली सोडा, पण त्या तोडू नका, काडीलाच राहू द्या. अशा पाच-सहा काड्या आणि बांबूचा कीस एवढ्यावर भिजलेल्या रानातही जाळ धरतो.

काडीपेटी नसेल तर

लाकडावर लाकूड घासून आग काढता येते, पण तो महिन्यांचा सराव आहे, पहिल्या मुक्कामाचं काम नाही. चकमक मात्र शिकण्यासारखी आहे, आणि तिचा दगड आपल्या भागात पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक तयार होतात, आणि पाषाण झिजला की नाल्यात येऊन पडतात. धार असलेला तुकडा निवडा. डोळ्यांना चष्मा लावा, कपच्या उडतात. लोखंड हवं ते पोलादी, जुनी कानस सगळ्यात चांगली. स्टीलच्या चमच्याने ठिणगी पडत नाही. ठिणगी म्हणजे गारगोटीच्या धारेने कानशीतून खरवडलेला पोलादाचा कण, तो हवेत जळतो.

ही ठिणगी साध्या कापसावर सहसा धरत नाही, जळका कापूस लागतो. सुती चिंधीचे तुकडे लहानशा पत्र्याच्या डबीत घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येणं थांबलं की बाहेर काढा आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडा. आतले काळे तुकडे ठिणगी पडताच लाल होतात. तो लाल तुकडा शिंदीच्या खोप्यात ठेवून खोपा मिटवा आणि हळूहळू फुंका. आधी धूर दाट होतो, मग एकदम जाळ येतो. चेहरा लांब ठेवा.

विझवणं

झोपायच्या तासभर आधी लाकूड टाकणं बंद करा. उरलेली टोकं मध्ये ढकलून पूर्ण जळू द्या. मग पाणी शिंपडत घाला, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी. चर्र आवाज थांबेपर्यंत हेच करत राहा. शेवटी तळहाताची मागची बाजू राखेच्या जवळ न्या. धग लागत असेल तर विझलेलं नाही, लागत नसेल तरच हात लावून खात्री करा. नुसती माती टाकून झाकू नका. मातीखाली बाभळीचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, आणि सकाळच्या वाऱ्याने उघडा पडला की पाचोळा पेटतो.

निखाऱ्यांची घमेली किंवा शेगडी तंबूत, गाडीत किंवा बंद खोलीत न्यायची नाही, थोड्या वेळासाठीही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणसं जातात. थंडी वाजत असेल तर आणखी एक गोधडी घ्या.

फेब्रुवारीपासून पावसापर्यंत सातपुड्यातला वणव्याचा काळ. पानगळ झालेली, मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, वारा सुटलेला. या दिवसांत डोंगराला लागून असलेल्या शेतातही शेकोटी करू नका. आणि कधीही आग रिंगणाबाहेर गेली तर ओल्या पाल्याच्या फांदीने तिच्या कडा झोडपा, उताराच्या वरच्या बाजूला उभे राहू नका. आटोक्यात येत नाही असं दिसताच माणसं बाजूला काढा, गावात हाक द्या आणि वनखात्याच्या १९२६ किंवा आपत्कालीन ११२ क्रमांकावर फोन करून जवळचं गाव आणि नाल्याचं किंवा देवस्थानाचं नाव सांगा.